शिवेवरची हिरवी पेटी

१

कुलूप जागच्या जागी होतं, खिडकीचे गज शाबूत होते, आणि खोलीत पेटी नव्हती.

दानीएल ओहोळ मिशन शाळेच्या त्या खोलीच्या उंबऱ्यात उभे राहून रिकाम्या बाकाकडं बघत राहिले. बाकावर गंजाचा चौकोनी डाग तेवढा उरला होता. संगमनेरला फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते पिंपळदऱ्याला परत आले होते ते डाळिंबाला पाणी घालायला आणि दुपारची झोप काढायला. पण गावाला निवृत्त फौजदार म्हणजे फुकटचा फौजदार. कुणाची शेळी हरवली तरी दानीएलराव, कुणाची सून रुसली तरी दानीएलराव. आता ही पेटी.

पेटी सापडली होती गेल्याच आठवड्यात. शेजारच्या आडगव्हाणच्या अजिनाथ शेळक्यांनी रानातल्या जुन्या विहिरीचा गाळ काढायला घेतला, तर गाळात लोखंडी पेटी. भोवती जाडजूड साखळी गुंडाळलेली, वरचं कुलूप गंजून दगड झालेलं, कोपऱ्यात हिरव्या रंगाचे पोपडे. आतल्या कागदांचा पार लगदा झालेला. सदतीस सालच्या निवडणुकीत आडगव्हाणहून निघालेली आणि तालुक्याला कधीच न पोहोचलेली ती हीच मतपेटी, हे ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. कारण त्या पेटीची गोष्ट दोन्ही गावांत अजून चघळली जात होती. ती वाहून न्यायचं काम होतं आडगव्हाणच्या सहादेवकडं, तो गावचा येसकर, म्हणजे सरकारी ओझं शिवेपर्यंत वाहणारा. त्यानंच ती गायब केली असं ठरलं, आणि त्याच्या घराला नाव पडलं, पेटीचोराचं घर.

सोमवारी दोन्ही गावांचा कार्यक्रम ठरला होता. पेटी सगळ्यांसमोर मांडायची, तिचा इतिहास सांगायचा. तोवर ती मिशन शाळेत ठेवली, कारण तेवढी एकच खोली कोरडी आणि कुलपाची. किल्ल्या दोन. एक मुख्याध्यापक मार्कजवळ, तो दानीएलचा चुलत पुतण्या. दुसरी संस्कृतीजवळ, ती शाळेत शिकवायची आणि कार्यक्रमाची धावपळ तिच्याच अंगावर होती.

"साखळीपण नाही," दानीएल म्हणाले. "ती कुठं होती?"

"ओट्यावर घमेल्यात पडली होती, काका," मार्क म्हणाला. "गंजलेली, कोण नेणार म्हणून बाहेरच ठेवली होती."

"नेली की कुणीतरी!"

तेवढ्यात फटफटीवरून अजिनाथ आले. माजी सरपंच, पांढरे कपडे, आवाज नेहमी सभेत बोलल्यासारखा. त्यांनी खोलीत डोकावलं, संस्कृतीकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सहादेवच्या पणतीकडंच किल्ली दिल्यावर दुसरं काय व्हनार हुतं?"

२

संस्कृती रडली नाही. तिनं ओढणीच्या टोकाची किल्ली सोडली, दानीएलच्या हातावर ठेवली आणि चालू लागली. दानीएलना स्वतःचाच राग आला, कारण क्षणभर त्यांच्याही मनात तेच आलं होतं. पेटी आडगव्हाणच्या शिवारात सापडली. म्हणजे सहादेवनं ती आपल्याच गावच्या विहिरीत टाकली, असं उघड दिसत होतं. इतकी वर्षं नुसता आळ होता, आता पुरावा झाला. तो पुरावा नाहीसा व्हावा असं कुणाला वाटेल? त्याच घराला ना!

ते तडक आडगव्हाणला छबूबाईंकडं गेले. छबूबाई सहादेवची मुलगी, संस्कृतीची आजी. नव्वदीला टेकलेली, पण जीभ धारदार. बाजेवर बसून लसूण सोलत होती.

"ये फौजदार. बेड्या आनल्यास का?"

"छबूमावशी, चेष्टा नको. डोकं आधीच फिरलंय."

"माजं का फिरंना? माजी आई माज्या टायमाला पोटुशी हुती तवापास्नं आमी पेटीचोर हाय. माजं लगीन जमंना त्याच्यापायी. माज्या पोरीची सोयरीक मोडली. आता नातीची पाळी." तिनं लसणाची पाकळी ताटलीत आपटली. "परक्याचं सोड. आमच्याच वस्तीनं आमाला पान्यावर येऊ दिलं न्हाई. आपल्या मानसाची मतं हुती त्या पेटीत. त्यांना वाटलं, बानं पाटलाकडनं खाल्लं."

"तुमचे वडील काय सांगायचे?"

"मरस्तवर एकच सांगायचा. सायबाचा टांगा भरला, हिरवी पेटी तेवढी राहिली. शिपाई पाटलाकडं जेवाय बसला आन् बाला म्हनला, तू हो म्होरं. बानं पेटी डोक्यावर घेतली, शिवेपातूर नेली. तिथं हाळी दिली. पिंपळदऱ्याचा येसकर याया पायजे हुता. कुनी आलं न्हाई. लई येळ बसला. मग दगडापाशी पेटी ठिवली न माघारी आला."

"कुणी येत नव्हतं तर पुढं घेऊन का नाही गेले?"

छबूबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं की दानीएलना आपली सगळी नोकरी फुकट गेल्यासारखं वाटलं. "तू येसकराच्याच घरचा न रे? शिवेपल्याड वजं न्यायाचं नसतं. पल्याडचं वजं पल्याडच्या येसकराचं. त्याचा त्यो हक्क, त्याचं त्यावर बलुतं. पाऊल टाकलं तर डोकी फुटायची."

"मग पेटी शिवेवर ठेवली, हे तेव्हा कुणी मानलं नाही?"

"मानलं असतं. पर तुमच्या पिंपळदऱ्याच्या मानसानं पंचाम्होरं सांगितलं, शिवेवर काईच नव्हतं म्हनून." तिनं ताटलीतली लसणाची सालं फुंकली. "शिकलेला मानूस. त्याचा सबुद कोन मोडनार? तू सोमवारी एवढंच कर, फौजदार. माज्या बानं पेटी चोरली न्हाई, हे गावाम्होरं बोल. मी आता किती दिस हाय?"

"पेटीच नाही तर बोलू कशाच्या जोरावर, मावशी?"

"मंग हुडीक की. पेन्शन कशाची खातूस?"

३

राजेश्वरी देशमाने संगमनेरच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि इंग्रज अमदानीतल्या नगरच्या ग्रामीण मतदारसंघावर अभ्यास करत होती. पेटी सापडल्याचं कळल्यावर ती मिळेल त्या एसटीनं पाथर्डीला आणि तिथून पिंपळदऱ्याला आली होती. आता ती शाळेच्या ओट्यावर कपाळाला हात लावून बसली होती.

"सर, माझी आठ वर्षांची मेहनत आहे त्यात!"

"माझी दुपारची झोप आहे," दानीएल म्हणाले. "मॅडम, व्याख्यान नको. मला सरळ सांगा, त्या पेटीत होतं काय आणि ती नसण्यानं कुणाचं भलं झालं."

राजेश्वरीनं सांगितलं. त्या वेळी मत सरसकट सगळ्यांना नव्हतं. थोडा सारा भरणारा, थोडा शिकलेला, असे मोजकेच मतदार. हा मतदारसंघ ग्रामीण, सर्वसाधारण, आणि जागा एकापेक्षा जास्त. त्यातली एक अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी राखीव. जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराला, आणि ती सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराला दिली तरी चालत. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी इथं प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळ्या रंगाची.

"हिरवी कुणाची?"

"राखीव जागेसाठी उभ्या राहिलेल्या एका मास्तरची. सहादेवच्या वस्तीतल्या ज्यांना मत होतं त्यांनी आपली सगळी मतं हिरव्या पेटीत टाकली. तो थोडक्यात पडला. ही पेटी पोहोचली असती तर आला असता, असं वस्तीतली माणसं म्हणत."

"म्हणून त्यांचा सहादेववर दात."

"हो. पण फायदा कुणाचा झाला बघा. आडगव्हाणचे तेव्हाचे पाटील म्हणजे अजिनाथरावांचे आजोबा. ते दुसऱ्या उमेदवारामागं होते." तिनं आवाज खाली आणला. "आणि पेटी सापडली कुणाच्या विहिरीत? अजिनाथरावांच्याच."

दानीएलच्या जिवाला बरं वाटलं. पाटील, सत्ता, विहीर. सगळं कसं सोयीनं जुळत होतं. इतकं सोयीनं जुळलं की त्यांना नेहमी शंका यायची.

"आणि आमच्या पिंपळदऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीचं मत कुठल्या पेटीत?"

"कुठल्याच नाही. ख्रिस्ती मतदारांची जागा निराळी, यादी निराळी. धर्म बदलला की राखीव जागेशी संबंध संपला. तुमच्या लोकांना या पेटीशी काही देणंघेणंच नव्हतं."

"चला, एक घर तरी सुटलं." दानीएलनी हुश्श केलं. "फोटो काढलेत ना पेटीचे?"

तिनं मोबाईल पुढं केला. पेटी, कुलूप, हिरवे पोपडे. शेवटच्या फोटोत साखळी होती. दानीएलनी तो बोटांनी मोठा केला. कड्या साध्या गोल नव्हत्या. प्रत्येक कडी मध्ये पिळून इंग्रजी आठसारखी केलेली. विहिरीच्या मोटेला अशी साखळी नसते, बैलाला नसते, गाडीला नसते. तरी आपण ही कुठंतरी बघितलीय, असं त्यांना वाटत राहिलं. कुठं, ते काही केल्या आठवेना. कपाळावर बोटं मारली तरी आठवेना.

"मॅडम, हा फोटो आणखी कुणी बघितला?"

"मार्क सरांनी. आणि गंमत म्हणजे त्यांनी मला तेवढा एकच फोटो काढून टाकायला सांगितला. साखळीनं पेटीचा इतिहास झाकला जातो म्हणाले."

४

रविवारी सकाळी उपासना चुकवून दानीएल अजिनाथच्या रानात गेले. पाळकांना निरोपही दिला नाही. देव समजून घेईल, पाळक घेतील का याची खात्री नव्हती.

अजिनाथ विहिरीच्या कठड्यावर बसून मजुरांवर ओरडत होते. "या फौजदार! सोमवारी पोलिसात देऊन टाकू त्या पोरीला. तुमचं नाव हाय डिपार्टमेंटमदी, एक फोन करा."

"आधी मला तुमच्याकडून ऐकायचंय. पेटी गेली तर तुमचं बरंच आहे की. तुमच्या आजोबांचं नाव निघणार होतं."

अजिनाथचा चेहरा लालबुंद झाला. "माजा आजा पाटील हुता, भामटा न्हवता! त्याला पेटी बुडवायची असती तर वाड्यामागं त्याची सोताची विहीर हुती. हितं कशाला येईल?" रागाच्या भरात ते उभे राहिले. "आन् पेटी माज्या रानात घावली म्हनून मीच ती बाहेर काढली न? पुरली का न्हाई परत? फोटो काढाया मॅडमला कोनी बोलावलं? मीच बोलावलं!"

हे मात्र खरं होतं. दानीएलनी मनातल्या मनात चरफडून ते मान्य केलं. दोषी माणूस स्वतःच्या दाराशी वरात बोलवत नाही. आणि आजोबांबद्दलही अजिनाथचं म्हणणं बिनतोड होतं. हाताशी आलेला आरोपी असा निसटला की दानीएलना जेवण गोड लागत नसे.

परत फिरताना त्यांचं लक्ष रानाच्या मधोमध असलेल्या शेंदूर फासलेल्या दगडाकडं गेलं. म्हसोबा. समोर नारळाच्या करवंट्यांचा ढीग.

"नांगराला आडवा येत नाही हा?"

"येतो की. पर देवाला कोन हलवनार? आखाडात दोन्ही गावं येत्यात नारळ फोडाया. आडगव्हाणवाले इकडनं, पिंपळदऱ्यावाले तिकडनं. माजं पीक तुडवत्यात, बोलायची सोय न्हाई."

दानीएल जागेवरच थांबले. शेताच्या मधोमध म्हसोबा कुणी बसवत नाही. म्हसोबा बसतो शिवेवर. दोन गावं दोन बाजूंनी नारळ फोडतात ते त्याच्यासाठीच.

"अजिनाथराव, दगडाच्या पलीकडची ही पट्टी तुमच्या आजोबांची होती?"

"छ्या. वडलांनी घेतली, स्वराज्य आल्यावर. मग जमिनींच्या एकत्रीकरणात आमच्या गटाला जोडली न आडगव्हाणात आली. आदी ती पिंपळदऱ्यात हुती."

"विहीरसकट?"

"विहीरसकट."

"घेतली कुणाकडून?"

"तुमच्याच मिशनकडनं," अजिनाथ म्हणाले.

५

म्हणजे शीव सरकली होती, विहीर नव्हती सरकली. दानीएल बांधावरून झपाझप चालले होते आणि स्वतःशीच बोलत होते. वाटेत भेटलेल्या भीमाबाईला वाटलं, फौजदारांना ऊन लागलं.

सहादेव पेटी घेऊन दगडापर्यंत आला. विहीर दगडाच्या पलीकडं. येसकर ओझं घेऊन शिवेपलीकडं पाऊल टाकत नाही, हे त्या काळी लहान पोराला ठाऊक होतं. ज्याला पेटी बुडवायची आहे तो भरल्या ओझ्यानिशी परक्या शिवारात, परक्या विहिरीवर कशाला जाईल? आडगव्हाणात काय विहिरींचा दुष्काळ होता? आणि पाटील तर मुळीच नाही. धर्म बदलला तरी त्या काळी पाटलांच्या लेखी ख्रिस्ती वस्तीचं पाणी विटाळाचंच. पाटलाचा माणूस मिशनच्या विहिरीच्या कठड्याला शिवला नसता.

मग राहिलं कोण? ज्यांची विहीर होती ते. पण ते कशाला टाकतील? त्यांना मतच नव्हतं! इथं येऊन दानीएलची गाडी अडायची. ज्यांना पेटीशी देणंघेणं नाही ते पेटी का बुडवतील? त्यांनी दोनदा चप्पल आपटली, पण उत्तर पडलं नाही.

चर्चच्या आवारात पोहोचेपर्यंत उपासना सुटली होती. आराधना, मार्कची बायको, घंटेचा दोर गुंडाळून ठेवत होती.

"सलाम काका. आज आला नाहीत."

"सलाम. हा दोर नवा दिसतोय."

"ह्यांनी परवा बदलला. जुना चांगला होता, पण ऐकतील तर ना. स्वतः वर चढले. मी म्हटलं, पडाल. म्हणे वरची कडी काढायचीय."

दानीएल घंटेखाली गेले. त्यांनी मान वर केली. घंटेच्या दांड्याला दोर बांधला होता, आणि दांड्यावर, जिथं लहानपणी तीन गंजक्या कड्या लोंबत असायच्या, तिथं लोखंड घासून चकचकीत झालं होतं. त्या कड्यांकडं दगड मारून ते आणि त्यांचे भाऊ नेम धरायचे. परदेशातून घंटा आली तिच्याबरोबर साखळीही आली होती. ती इंग्रजांच्या काळात चोरीला गेली म्हणून दोर आला, असं सगळेच सांगत. पिळलेल्या, इंग्रजी आठसारख्या कड्या.

समोर सभागृह होतं. दारावरच्या फरशीत कोरलेलं होतं, 'दाऊद पंतोजी ओहोळ सभागृह. यांनी नाताळ १९३६ रोजी येसकरकीची काठी टाकून मंडळीला वेठीतून मुक्त केले.' दर सुगीच्या सणाला हीच गोष्ट सांगितली जायची. आबांनी, म्हणजे दाऊद पंतोजींनी, दानीएलच्या सख्ख्या आजोबांनी, घुंगराची काठी चावडीवर टाकली आणि सांगितलं, आजपासून आमच्यातला कुणी सरकारी ओझं उचलणार नाही. ही गोष्ट ऐकत दानीएल वाढले होते. अंगावर मूठभर मांस चढायचं.

नाताळ छत्तीस. आणि निवडणूक लगेच पुढं, सदतीसच्या फेब्रुवारीत.

"आई गं," दानीएल म्हणाले आणि चर्चच्या पायरीवर बसले.

६

मार्क चर्चमागच्या सामानाच्या खोलीत सापडला. सुगीच्या सणाचं धान्य ठेवायची ती खोली. ज्वारीच्या पोत्यांवर तो नुसताच बसला होता.

"ऊठ," दानीएल म्हणाले. "पेटी पोत्यांखाली आहे ना?"

मार्कनं आधी आव आणला. "काका, काय बोलताय?"

"खोलीचं कुलूप किल्लीनं उघडलं. किल्ल्या दोघांकडं. संस्कृतीनं पेटी नेली असती तर ओट्यावरची साखळी कशाला नेली असती? तिला ती साखळी म्हणजे भंगार. साखळी ज्याच्याशी बोलते, तोच ती लपवणार. मॅडमला फोटो तू काढून टाकायला सांगितलास. वरच्या कड्या तू उतरवल्यास. आणखी ऐकायचंय?"

मार्क उठला. त्यानं एक पोतं बाजूला केलं. हिरवा कोपरा दिसला. दानीएलना वाटलं होतं, पेटी सापडली की सुटल्यासारखं होईल. उलट छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं.

"आबांनी का टाकली, तेवढं सांग. मतासाठी नाही, एवढं मला कळलं."

"तुम्हाला सगळंच कळलंय, काका."

"मला तुझ्या तोंडून पाहिजे!"

मार्क जमिनीकडं बघत बोलला. "नाताळात काठी टाकली. त्यानंतर शिवेवर आलेलं ते पहिलंच ओझं. सहादेवनं हाळी दिली, ती वस्तीत सगळ्यांनी ऐकली. पण कुणी उठायचं नाही असं ठरलं होतं. त्याला हे ठाऊक नव्हतं. तो आपल्या रिवाजाप्रमाणं ठेवून गेला. सकाळी आबा बघतात तर सरकारी पेटी आमच्या विहिरीजवळ. आपल्या गावच्या पाटलानं आधीच धमकी दिली होती, सरकारचं काम नाकारता काय, शाळेला टाळं लावतो, वस्ती उठवतो. पेटी तिथं दिसली असती तर ख्रिस्ती लोकांनी सरकारी मतपेटी अडवली असं झालं असतं. आबा भ्याले. घंटेची साखळी गुंडाळली आणि टाकली विहिरीत."

"आणि पंचांसमोर सांगितलं, शिवेवर काही नव्हतं."

"हो."

"आणि सहादेवला गावानं झोडपलं तेव्हा?"

मार्कनं बाजूला केलेलं पोतं पुन्हा पेटीकडं ओढलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आबांनी मरताना तुमच्या वडलांना आणि माझ्या आजोबांना सांगितलं. त्यांनी माझ्या वडलांना. वडलांनी मला."

"आणि मला?" दानीएलचा आवाज चिरकला. "मी काय घरातला नव्हतो?"

"तुम्ही पोलिसात होता ना, काका. सगळे म्हणाले, दानीएलला सांगायचं नाही."

दानीएलना हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर लोकांच्या घरातल्या चोऱ्या उकरल्या, आणि स्वतःच्या घरानं मूग गिळले ते नेमके त्यांच्यापासून.

"त्या पोरीवर आळ आला, तेव्हा तरी बोलायचंस."

"दोन-चार दिवसांत विसरतील म्हटलं. कुणी पोलिसात जाणार नाही म्हटलं."

"सहादेवबद्दल आबांनीही हेच म्हटलं असेल," दानीएल म्हणाले. "विसरतील चार दिवसांत."

मार्क तोंड झाकून रडायला लागला. दानीएलनी त्याला जवळ घेतलं नाही. त्यांना तेवढं मोठं मन त्या दिवशी जमलं नाही.

संध्याकाळी चर्चच्या मंडळीचे पंच घरी आले. चहा घेतला, प्रार्थना केली, मग मुद्द्यावर आले. "पेटी मिळाली, देवाची कृपा. कुणीतरी आणून ठेवली म्हणा. संस्कृतीचं नाव आपण काढणार नाही, म्हणजे तीही सुटली. आबांचं नाव कशाला? त्यांच्यामुळं आपण माणसात आलो, दानीएल."

"तेही खरं आहे," दानीएल म्हणाले. खरं होतंच ते. आबांनी काठी टाकली नसती तर दानीएल फौजदार झाले नसते, कुणाच्या तरी दारात भाकरी मागत फिरले असते. तेच तर जळत होतं आत. आबा नुसते वाईट असते तर किती सोपं झालं असतं!

"मग? काय ठरलं तुमचं?"

"चहा संपला असेल तर या आता," दानीएल म्हणाले.

७

सोमवारी सभागृह भरलं. नेमकं तेच सभागृह, कारण दुसरी जागाच नव्हती. पुढं अजिनाथ आणि आडगव्हाणची बडी मंडळी, एका बाजूला पिंपळदऱ्याचे ख्रिस्ती, पार मागं भिंतीला टेकून छबूबाईच्या वस्तीतली माणसं. त्यांना कुणी मागं बसा म्हटलं नव्हतं, तरी ती मागंच बसली होती. छबूबाईला खुर्ची दिली होती मधल्या वाटेत. शेजारी संस्कृती मान ताठ करून उभी.

मार्कनं पेटी स्वतः उचलून टेबलावर ठेवली, साखळी शेजारी ठेवली आणि म्हणाला, "ही मी लपवली होती. संस्कृतीचा काही संबंध नाही." एवढंच बोलून तो खाली बसला. सभागृहात कुजबुज उसळली. आराधनानं नवऱ्याचा हात धरला.

दानीएल उठले. कोर्टात उलटतपासणी घेणारे वकील पचवलेला हा माणूस, पण आज साखळी दोनदा उचलून खाली ठेवली. त्यांनी शीव कुठं होती ते सांगितलं, म्हसोबाचं सांगितलं, येसकरांचा रिवाज सांगितला. साखळी हातात धरून घंटेकडं बोट केलं. लोकांना कळत गेलं तशी ख्रिस्ती मंडळींची बाजू शांत होत गेली. पंचांनी मान फिरवली.

"फौजदार," अजिनाथ मध्येच म्हणाले, "मग पेटी टाकली कोनी, ते सांगा की सरळ!"

दानीएलनी दारावरच्या फरशीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"सहादेवनं पेटी चोरली नाही," ते म्हणाले. "त्यानं ती शिवेवर आणून ठेवली. ती विहिरीत माझ्या आजोबांनी टाकली. दाऊद पंतोजींनी. आणि सहादेववर आळ आला तेव्हा ते खोटं बोलले."

राजेश्वरीनं लिहायला काढलेली वही मिटली. मंडळीतला एक म्हातारा उठून बाहेर निघून गेला, त्याच्या मागोमाग आणखी दोघं.

दानीएल खाली बसायला लागले, तेवढ्यात छबूबाईचा आवाज आला.

"परत म्हन."

"मावशी..."

"मला कमी ऐकू येतं. परत म्हन."

दानीएल पुन्हा उभे राहिले. शब्द तेच होते, पण या खेपेला जास्त जड गेले. "सहादेवनं पेटी चोरली नाही. माझ्या आजोबांनी ती विहिरीत टाकली, आणि ते खोटं बोलले."

छबूबाईनं काठी टेकून खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. संस्कृतीनं तिला धरलं. म्हातारीनं अजिनाथकडं बघितलं नाही, पंचांकडं बघितलं नाही. ती मागं वळली, भिंतीला टेकून बसलेल्या आपल्याच माणसांकडं, आणि काठी त्यांच्या दिशेनं धरली.

"तकडं तोंड करून म्हन, फौजदार. मोठ्यानं. त्यांनी माज्या आईला पान्यावरनं हाकलली हुती."

दानीएल टेबलामागून बाहेर आले, मधल्या वाटेनं मागच्या भिंतीपर्यंत गेले, आणि तिथल्या माणसांच्या तोंडाकडं बघत तिसऱ्यांदा बोलले.